आठ जीव वाचविणारी फळी : ड्यूक कहानामोकू यांची जीवनकहाणी

हेब्बाळ (बेंगळुरू) : बेंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळ परिसर समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. येथील जुन्या तलावात पक्षी उतरतात, पण लाट उठत नाही. तरीही सुट्टी जोडून आली की या शहरातील नोकरदार तरुण रात्रीच्या गाडीने मंगळूरच्या दिशेने निघतात. मुल्की गावाजवळ शांभवी नदी अरबी समुद्राला मिळते, तेथे सर्फिंगच्या फळीवर उभे राहण्याचे धडे घेण्यासाठी ही मंडळी जातात. त्याच परिसरातील ससिहित्लू किनाऱ्यावर मे २०१६ मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा भरली होती. गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी असलेल्या मोरजीच्या वाळवंटावर हाच खेळ वाऱ्याच्या साथीने खेळला जातो. खेळाडूच्या कमरेला मोठा पतंग जोडलेला असतो आणि तो त्याला फळीसकट पाण्यावरून ओढत नेतो. त्याला काइटसर्फिंग म्हणतात.

या सर्वांच्या पायाखालची फळी प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरून आली. ती जगभर पोहोचविण्याचे श्रेय ज्या एका माणसाला प्रामुख्याने दिले जाते, ते म्हणजे ड्यूक पाओआ कहानामोकू. ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळविणारे जलतरणपटू म्हणून त्यांची नोंद झाली आहे. मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाच्या कामगिरीसाठी पदक नव्हते. ती एका खाडीच्या मुखाशी, जून महिन्यातील एका सकाळी घडली.

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. त्या वेळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि त्याच्या गादीवर स्वतःचा राजा होता. ‘ड्यूक’ ही पदवी नव्हे, हे त्यांचे पाळण्यातले नाव होते आणि ते त्यांना वडिलांकडून मिळाले होते. ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया हिचा दुसरा पुत्र आल्फ्रेड, म्हणजेच ड्यूक ऑफ एडिंबरो, १८६९ मध्ये युद्धनौकेने हवाईला आला होता. त्याच्या भेटीची आठवण म्हणून त्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव ड्यूक ठेवण्यात आले आणि पुढे त्याच्या थोरल्या मुलालाही तेच मिळाले. हाच आल्फ्रेड त्यानंतर भारतात आला आणि १८७० मध्ये त्याने मुंबईत खलाशांच्या निवासगृहाची कोनशिला बसविली. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम या नावाने उभी राहिलेली ती इमारत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. एका राजपुत्राच्या एकाच सफरीने मुंबईला एक वास्तू दिली आणि वायकीकीच्या किनाऱ्यावरील एका घराला एक नाव दिले.

ड्यूक अडीच वर्षांचे असताना, जानेवारी १८९३ मध्ये, अमेरिकी व्यापारी व मळेवाल्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. अमेरिकी नौसैनिक त्या वेळी होनोलुलूत उतरले होते. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने आपल्यात विलीन करून घेतली. त्याआधीच्या शंभर वर्षांत बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन समाज इतका खंगला होता की शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास उरली होती. फळीवर उभे राहून लाटेवरून सरकत येण्याची कला या समाजात शतकानुशतके राजांपासून कोळ्यांपर्यंत सर्वांची होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा या कलेकडे पाहण्याचा दृष्टिकोन नाराजीचा होता, पण ती क्षीण होण्याचे मोठे कारण ती जाणणारी माणसेच नाहीशी झाली हे होते. ड्यूक वाढले ते या पडझडीच्या काळात. सहा भाऊ आणि तीन बहिणींच्या त्यांच्या घराला वायकीकीचा समुद्र अंगणासारखा होता. शाळा त्यांनी अर्धवट सोडली. गोदीत आणि किनाऱ्यावर मिळेल ते काम केले. फळी मात्र सुटली नाही.

१९०८ मध्ये वायकीकीवर आउटरिगर कनू क्लब स्थापन झाला. त्याचे बहुसंख्य सभासद गोरे होते. समुद्र ज्यांचा होता त्यांनी आपला वेगळा मेळ जमविला आणि त्याला ‘हुइ नालू’, म्हणजे लाटांची मंडळी, असे नाव दिले. ड्यूक या मंडळींपैकी प्रमुख होते.

त्यांची पोहण्याची कीर्ती बाहेर गेली ती ११ ऑगस्ट १९११ रोजी. होनोलुलू बंदरात दोन धक्क्यांच्या मध्ये घेतलेल्या शर्यतीत त्यांनी १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा ही वेळ साडेचार सेकंदांहून अधिक कमी होती. अमेरिकेतील हौशी क्रीडा संघटनेला हे खरे वाटेना. बंदरातील प्रवाहाने साह्य केले असेल, अंतर चुकीचे मोजले असेल, वेळ गजराच्या घड्याळाने तर मोजली नाही ना, अशा शंका निघाल्या. अंतर पुन्हा मोजण्यात आले, ते बरोबर होते. विक्रम तरीही मान्य झाला नाही. दूरच्या बेटावरील, शिक्षकाविना पोहायला शिकलेला एक सावळा तरुण एवढा वेगवान असू शकतो, हे मानण्याची तयारी नव्हती, असेच आज म्हणावे लागते.

होनोलुलूच्या नागरिकांनी वर्गणी जमवून त्यांना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठविले. तेथील बंदिस्त, थंड पाण्याच्या तलावांत भिंतीला पाय देऊन वळायचे कसे, हेही त्यांना नव्याने शिकावे लागले. समुद्राला भिंत नसते. काही महिन्यांतच ते अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात निवडले गेले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे पदक जवळजवळ हुकले होते. १०० मीटर मुक्तशैलीच्या उपांत्य फेरीला अमेरिकेचे तिन्ही जलतरणपटू हजरच झाले नाहीत. ड्यूक झोपी गेले होते, अशी कथा पुढे रंगविली गेली, परंतु मूळ गोंधळ वेळापत्रकाविषयीच्या गैरसमजाचा होता. नियमाप्रमाणे ते बाद होते. अशा वेळी ऑस्ट्रेलियाचा सेसिल हीली पुढे झाला आणि उत्तम जलतरणपटूंना वगळून जिंकण्यात अर्थ नाही, अशी भूमिका त्याने घेतली. अमेरिकी खेळाडूंसाठी आणखी एक उपांत्य शर्यत घेण्यात आली. तीत ड्यूक यांनी १ मिनिट २.४ सेकंदांची वेळ देऊन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि अंतिम फेरीत सुवर्णपदक पटकावले. हीली दुसरा आला. आपल्याच शब्दामुळे ज्याच्याकडे सुवर्ण गेले, त्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची मैत्री मात्र टिकली. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर हीलीला मरण आले.

१९१४ च्या अखेरीस ड्यूक पोहण्याच्या शर्यतींसाठी ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीजवळील फ्रेशवॉटर किनाऱ्यावरील लाटा पाहून त्यांनी तेथेच पाइनच्या लाकडाची एक फळी घडविली आणि डिसेंबरअखेर लोकांसमोर प्रात्यक्षिक केले. १९१५ च्या सुरुवातीला इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीला त्यांनी आपल्यापुढे फळीवर उभे केले. लाट कोसळताना वरून खाली पाहिले की कड्यावरून पडत असल्यासारखे वाटते. पहिल्या प्रयत्नांत ती घाबरली, नंतर तिला सोडवेना. ऑस्ट्रेलियात सर्फिंगचे प्रयत्न त्याआधीही झाले होते, हे संशोधकांनी दाखविले आहे. पण देशाच्या स्मरणात राहिले ते ड्यूकच. ती फळी फ्रेशवॉटरच्या सर्फ लाइफसेव्हिंग क्लबमध्ये आजही जपून ठेवलेली आहे.

१९१६ चे ऑलिंपिक युद्धामुळे झाले नाही. १९२० मध्ये अँटवर्पच्या खेळांना ड्यूक पुन्हा उतरले, तेव्हा भारताचाही छोटासा संघ तेथे होता. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेल्या या संघातील बहुतेक नावे आपल्याकडची होती. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, रणधीर शिंदे आणि कुमार नवले कुस्तीत उतरले, सदाशिव दातार लांब पल्ल्याच्या शर्यतीत होते. फडेप्पा एकोणिसावे आले, शिंदे चौथे. त्याच गावात, गढूळ आणि गार पाण्यात, २४ ऑगस्ट रोजी ड्यूक यांनी आपल्या तिसाव्या वाढदिवशी १०० मीटरची अंतिम शर्यत जागतिक विक्रमासह जिंकली. एका प्रतिस्पर्ध्याला अडथळा झाल्याची तक्रार आल्याने पाच दिवसांनी शर्यत पुन्हा घेण्यात आली. ड्यूक पुन्हा पहिले आले. चार जणांच्या सांघिक शर्यतीतही सुवर्ण मिळाले. पुढे १९२४ मध्ये पॅरिसला, चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते दुसरे आले. पहिला होता जॉनी वाइसमुलर, जो नंतर टारझन म्हणून भारतातील चित्रपटगृहांतही घरोघरच्या मुलांचा लाडका झाला. तिसरा आला तो ड्यूक यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल.

पदके मिळाली, पोट भरले नाही. त्या काळच्या हौशी खेळाच्या नियमांनुसार पोहण्यातून, पोहणे शिकविण्यातून किंवा त्याचे प्रदर्शन करून एक पैसाही मिळविता येत नसे. स्टॉकहोमला त्यांच्याच संघात असलेला महान धावपटू जिम थॉर्प याने तरुणपणी बेसबॉलसाठी किरकोळ मानधन घेतल्याचे उघड होताच १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली होती. हे उदाहरण ड्यूक यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यामुळे जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटू घरोघर पाण्याच्या मीटरची नोंद घेत फिरला, सरकारी कार्यालयातील हलकी कामे करीत राहिला. या नियमांत खेळाचे पावित्र्य किती आणि ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांच्यासाठी राखलेली जागा किती, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याकडे पाहताना टाळता येत नाही.

वीसच्या दशकात ते लॉस एंजेलिस परिसरात राहिले. चित्रपटांत लहानसहान भूमिका मिळत. कधी आदिवासी टोळीचा प्रमुख, कधी चाचा, कधी पहारेकरी. सावळा वर्ण आणि सहा फुटांहून उंच देह एवढ्यावर भूमिका ठरत असे. हौशीपण जाऊ नये म्हणून पडद्यावर पोहणे मात्र त्यांना शक्य नव्हते. ज्या गोष्टीसाठी जग त्यांना ओळखत होते, तीच सोडून बाकी सर्व करण्यासाठी त्यांना पैसे मिळत होते. काही उपाहारगृहांत त्यांना वर्णामुळे वाढले जात नसे. त्यावर त्यांनी कधी आरडाओरडा केल्याची नोंद नाही.

या काळात सुट्टीच्या दिवशी ते मित्रांसह लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कोरोना डेल मार येथे जात. न्यूपोर्टची खाडी तेथे समुद्राला मिळते.

खाडीचे मुख ही जागा समजून घेतली पाहिजे. नदीने आणलेली आणि समुद्राने लोटलेली वाळू तेथे साचते आणि पाण्याखाली तिची पट्टी तयार होते. खोल समुद्रातून येणारी लांब, शांत लाट या पट्टीवर आली की उथळ पाण्यामुळे तिचा वेग घटतो, उंची वाढते आणि ती फुटते. ओहोटीच्या वेळी खाडीतील पाणी जोराने बाहेर येत असेल, तर ते समोरून येणाऱ्या लाटेला भिडते आणि लाट आणखी उभी, आणखी आखूड होते. फळीवर स्वार होणाऱ्याला अशी लाट हवीहवीशी वाटते. होडीसाठी ती काळ ठरते. कोकणातल्या कोणत्याही बंदरातला जाणता नाखवा पावसाळ्याच्या तोंडावर खाडीबाहेर पडताना भरतीची वेळ का पाहतो, याचे उत्तर याच वाळूत आहे.

१४ जून १९२५ रोजी सकाळी न्यूपोर्टच्या मुखाशी समुद्र खवळलेला होता. ड्यूक आणि त्यांचे मित्र किनाऱ्यावर होते. मासेमारीच्या सहलीसाठी निघालेल्यांची ‘थेल्मा’ नावाची बोट त्या मुखातून जात होती. बोटीवर २९ जण होते. मोठ्या लाटांनी ती झोडपली गेली आणि उलटली. बोटीवरची माणसे फुटत्या पाण्यात फेकली गेली. अनेकांच्या अंगावर जड कपडे होते, काही जण दोरखंडांत अडकले.

ड्यूक फळी घेऊन पाण्यात शिरले. किनाऱ्याकडे येणारी प्रत्येक लाट त्यांना मागे लोटत होती, तरी हातांनी पाणी कापत ते बुडणाऱ्यांपर्यंत पोहोचले. नुसता पोहणारा माणूस अशा पाण्यात एकाला धरू शकतो, आणि घाबरलेल्याची मिठी दोघांनाही बुडवू शकते. फळीचे तसे नव्हते. ती तरंगत होती, तिला अनेकांना धरता येत होते. ड्यूक यांनी लोकांना फळीवर ओढले, किनाऱ्याला आणून सोडले आणि पुन्हा आत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. त्यांनी एकट्यांनी आठ जणांना बाहेर काढले. त्यांच्या सोबत्यांनी आणखी चौघांना वाचविले. या सोबत्यांत जेरार्ड वल्टी हाही होता, ज्याने पुढे विमानांचा रचनाकार म्हणून नाव मिळविले. सतरा जण मरण पावले.

या घटनेची वार्ता अमेरिकाभर पसरली. तोवर किनाऱ्यावरचे जीवरक्षक दोरखंड, बोया आणि वल्ह्यांच्या होड्यांवर विसंबून होते. लाटेवर खेळण्याची फळी माणसे वाचविण्याचे साधनही होऊ शकते, हे त्या सकाळी सिद्ध झाले आणि पुढील काळात जीवरक्षकांच्या साहित्यात तिला कायमची जागा मिळाली. आज आपल्या किनाऱ्यांवर जीवरक्षकाच्या मनोऱ्याशेजारी उभी असलेली फळी दिसते, तिच्या पूर्वइतिहासात न्यूपोर्टचे ते सतरा मृत्यू आहेत. ड्यूक स्वतः या प्रसंगाविषयी फारसे बोलत नसत. आठ वाचले, यापेक्षा उरलेले वाचले नाहीत, हे त्यांच्या मनाला अधिक लागले असावे.

न्यूपोर्टच्या मुखाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९२८ मध्ये कोरोना डेल मार येथे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सुरुवातीच्या सर्फिंग स्पर्धांपैकी एक भरली आणि ती टॉम ब्लेक याने जिंकली. सर्फिंगच्या फळीला खालच्या बाजूने सुकाणूसारखे पाते बसविण्याचा शोध याच ब्लेकचा. परंतु बोटींसाठी मुख सुरक्षित करण्याची मागणी जोर धरत होती. दगडी बांध लांबविण्यात आले, वाळू उपसण्यात आली आणि १९३६ मध्ये सुधारलेले बंदर खुले झाले. बोटी निर्धोक आत-बाहेर करू लागल्या आणि ती सुंदर लाट नाहीशी झाली. हा सौदा चूक होता असे म्हणवत नाही. तेथे माणसे बुडाली होती.

ड्यूक तोवर हवाईला परतले होते. काही काळ त्यांनी पेट्रोल पंप चालविला. १९३४ मध्ये ते होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि त्यानंतर सुमारे पाव शतक प्रत्येक निवडणुकीत निवडून येत राहिले. पोलीस दलाचे प्रशासन तोवर वेगळे झालेले असल्याने या पदाकडे अधिकार मर्यादित होते. तुरुंगाची देखरेख, मृत्यूंची चौकशी आणि याबरोबर येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत, असा तो कारभार होता. राष्ट्राध्यक्ष, राजघराण्यातील मंडळी, चित्रतारका, सर्वांना बंदरावर फुलांची माळ घालायला ड्यूक हवे असत. १९४० मध्ये, पन्नाशीला आलेले असताना, नृत्यशिक्षिका नदीन अलेक्झांडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

लाटांशी संबंध तुटला नव्हता. १९३० च्या सुमारास त्यांनी जुन्या हवाईयन सरदारांच्या फळ्यांच्या धर्तीवर कोआ लाकडाची एक फळी बनविली. तिची लांबी १६ फूट आणि वजन ११४ पौंड, म्हणजे ५२ किलोंच्या आसपास होते. आजच्या फळीचे वजन काही किलो भरते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शरीरात काय ताकद होती याची कल्पना येते. १९१७ मध्ये वायकीकीच्या बाहेरच्या पट्ट्यात त्यांनी पकडलेल्या एका लाटेवरून ते मैलभराहून अधिक अंतर सरकत आले, अशी नोंद आहे.

१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. त्यानंतर शेरीफचे पद रद्द झाले आणि सत्तरीला टेकलेले ड्यूक यांच्या हाती अधिकृत स्वागतकर्त्याचे मानाचे, पण तुटपुंज्या वेतनाचे काम आले. पर्यटनाच्या जाहिरातींतून त्यांच्या नावावर आणि चेहऱ्यावर हवाईने पुष्कळ कमावले. त्या मानाने त्यांच्या वाट्याला अल्प आले आणि तेही उशिरा, जेव्हा कपड्यांना, उपाहारगृहाला त्यांचे नाव देण्याचे करार झाले. १९६५ मध्ये त्यांच्या नावाने सर्फिंगची निमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली. जलतरण आणि सर्फिंग या दोन्ही खेळांच्या सन्मान दालनांत समाविष्ट होणारे ते पहिलेच खेळाडू ठरले.

२२ जानेवारी १९६८ रोजी वायकीकी यॉट क्लबच्या आवारात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ७७ वर्षांचे होते. अंत्यविधीला किनाऱ्यावर हजारो लोक जमले. पारंपरिक होड्यांचा ताफा त्यांच्या अस्थी घेऊन समुद्रात गेला आणि वायकीकीच्या पाण्यात त्या विसर्जित करण्यात आल्या.

सर्फिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे, ही इच्छा त्यांनी तरुणपणापासून बोलून दाखविली होती, असे सांगितले जाते. ते स्थान टोकियोच्या खेळांत, जुलै २०२१ मध्ये मिळाले. महिलांचे पहिले सुवर्णपदक होनोलुलूच्या कॅरिसा मूर हिने जिंकले. तिच्यातही मूळ हवाईयन रक्त आहे. व्यावसायिक स्पर्धांमध्ये ती हवाईच्या ध्वजाखाली उतरत असे, ऑलिंपिकमध्ये तिच्यासाठी अमेरिकेचा ध्वज वर गेला. ड्यूक यांच्यासाठीही तोच गेला होता.

त्यांच्या जन्मशताब्दीला, १९९० मध्ये, वायकीकीच्या किनाऱ्यावर त्यांचा कांस्यपुतळा उभारण्यात आला. पुतळ्याचे दोन्ही हात पसरलेले आहेत, मागे उभी फळी आहे आणि तोंड शहराकडे आहे. समुद्राकडे पाठ फिरवायची नसते, हा किनाऱ्यावरचा पहिला नियम असताना ड्यूक यांनाच असे का उभे केले, यावर तेथे बराच वाद झाला. पुतळा आहे तसाच राहिला. येणारे-जाणारे त्याच्या पसरलेल्या हातांवर ताज्या फुलांच्या माळा घालून जातात.